रुमाला कसा भरावा: नायगावच्या नवशिक्यांसाठी

भरतकाम येत नाही म्हणून मागं राहू नका. रुमाला भरायला बसलेल्या कुठल्याही मंडळात भरतकाम येणाऱ्या दोघीच असतात, बाकीच्या बघून सांगणाऱ्या. सांगणाऱ्यांचा उपयोग एवढाच की त्यांच्या धाकानं त्या दोघी टाके बारीक घालतात.

काम काय आहे ते आधी समजून घ्या. दवाखान्यासाठी नाहीतर लग्नाच्या बस्त्यासाठी नांदेडला गेलेला नायगावचा माणूस वेळ असेल तर सचखंड गुरुद्वाऱ्यात माथा टेकतो, लंगरमध्ये जेवतो आणि मग एसटी धरतो. तिथं गुरु ग्रंथ साहिबावर पांघरलेलं जे जरीचं वस्त्र दिसतं, तो रुमाला. १७०८ साली गुरु गोविंदसिंगांनी नांदेडमध्येच ग्रंथाला गुरुपद दिलं. तेव्हापासून ग्रंथाचा मान गुरूचा. पहाटे प्रकाश म्हणजे ग्रंथ उघडणं, रात्री सुखासन म्हणजे तो विसाव्याला ठेवणं, डोक्यावर चांदवा, बाजूला चवरी. म्हणजे आपण गुरूचं वस्त्र शिवतोय, झाकण नव्हे. टीव्ही, फ्रिज आणि मिक्सर यांना रुमाल घालण्यात ज्यांची हयात गेली, त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

पहिली पायरी मीटिंगची. बचत गटाचा हप्ता भरायला ज्या कधी वेळेवर आल्या नाहीत, त्या या मीटिंगला अर्धा तास आधी येतील. विषय एकच, रंग. काळ्याचा प्रश्नच नाही. पांढरा म्हटलं की कोणाला तरी सुतक आठवतं. हिरवा म्हटलं की एकजण खिडकीबाहेर बघते, भगव्याला दुसरी, निळ्याला तिसरी, कारण आपल्याकडं प्रत्येक रंग कोणत्या ना कोणत्या झेंड्यानं आधीच नेलेला आहे. तिकडं लंगरमध्ये निहंग शिखाचा निळा बाणा आणि शेजारच्याची केशरी पगडी एकाच पंगतीत बसून डाळ-रोटी खातात, हे मीटिंगमध्ये सांगून बघायला हरकत नाही. तरी शेवटी ठरेल तो राणी कलरच.

कापड सॅटिनचं घ्या. वजिराबादेत हवं तेवढं मिळतं. मोठा रुमाला साधारण मीटरभर चौरस लागतो, उघड्या पानांवर घालायचे त्याहून लहान असतात. पण माप अंदाजानं ठरवू नका, गुरुद्वाऱ्यात ग्यानीजींना विचारा आणि कागदावर लिहून आणा. तोंडी आणलेलं माप नर्सीचा चौक ओलांडेपर्यंत चार बोटं कमी होतं. सॅटिनचा गुण एकच, चमक. बाकी सगळे अवगुण. ते मांडीवरून घसरतं, कडेनं दशा सोडतं आणि सुई एकदा चुकीच्या जागी गेली की ते भोक कायमचं. म्हणून कापल्याबरोबर कडा दुमडून कच्ची टीप मारा आणि मगच रिंगला लावा. रात्री रिंग काढून ठेवा. नाहीतर सकाळी मधोमध एक गोल वळ उठलेला असतो आणि तो इस्त्रीलाही दाद देत नाही.

नक्षी उतरवायची जुनी रीत सगळ्यात चांगली. बटर पेपरवर चित्र काढायचं, रेघेवरून सुईनं टोचत जायचं, मग कापसाच्या बोळ्यानं रॉकेलात कालवलेली नीळ वरून फिरवायची. कागद उचलला की खाली ठिपक्याठिपक्यांची वेल उमटलेली असते. मात्र रॉकेल आता रेशनवर मिळत नाही, तेव्हा पिवळा कार्बन वापरा आणि जुनं कसं चांगलं होतं हे फक्त बोला.

वेल, कमळ, मोर यांत नवशिक्याचं भागतं. खंड्याच्या, म्हणजे शिखांच्या चिन्हाच्या, वाटेला लगेच जाऊ नका. मधे दुधारी खंडा, भोवती चक्र, दोन अंगांना दोन किरपाणी. ऐकायला सोपं वाटतं, पण किरपाणीचा बाक जरा चुकला की समोरची विचारते, ‘काय करलालाव बायांनो, तराजू का?’ गुरुमुखी अक्षर तर स्वतःच्या मनानं काढूच नका. काढायचं तर मान्य मजकुराबरहुकूम, ग्यानीजींना दाखवून.

आता टाके. देठाला उलटी टीप, वेलीला साखळी, पाकळीला भरीव टाका. धागा हातभरच घ्या. आळसानं लांब घेतलेल्या जरीच्या धाग्याचा गुंता सोडवण्यात दुपार जाते, आणि त्या दुपारी कोणाच्या सुनेचं काय चाललंय तेवढंच कळतं. ओढून टाका घातला की सॅटिनला चुण्या पडतात. सैल घातला तर पाकळी लोंबते. मागच्या बाजूला गाठ चालणार नाही, धाग्याचं टोक टाक्यांखालून फिरवून जिरवायचं. गाठ दिसली तर जाणकार बाई काहीच बोलत नाही, नुसती उलटी बाजू खिडकीच्या उजेडाला धरते. तेवढं पुरतं.

दोन नियम मात्र मोडायचे नाहीत. धाग्याचं टोक तोंडात घालून ओलं करायचं नाही. गुरूच्या वस्त्राला उष्टा धागा कसा लावणार? सुई ओवायची पत्र्याची पट्टी मिळते, ती आणा. दुसरा नियम मिसरीवाल्यांसाठी. शिखांना तंबाखू वर्ज्य आहे. सकाळची मिसरी झाली की हात राखेनं, मग साबणानं धुवा आणि नंतरच कापडाला लावा. ‘माझी मिसरी घरची भाजलेली आहे’ हा बचाव चालत नाही.

इथपर्यंत सगळं निभतं. मंडळ फुटतं ते पुढच्या प्रश्नावर. नाव कुठं टाकायचं?

प्रश्न गैर नाही. आपल्या भागात देवळाच्या पंख्याच्या तिन्ही पात्यांवर देणाऱ्याचं नाव असतं, पंखा सुरू झाला की तेवढ्यापुरतं ते मिटतं. पाणपोईवर नाव, पायरीवर नाव, स्मशानातल्या बाकावर स्मरणार्थ. मग महिनाभर डोळे फोडून भरलेल्या रुमाल्यावर का नको? खजिनदार म्हणतील, कोपऱ्यात, बारीक. सचिव म्हणतील, उलट्या बाजूनं, म्हणजे कोणाला दिसणार नाही. उलटी बाजू ग्रंथाला लागते, हे त्यांना हळू आवाजात सांगा. अध्यक्षा काहीच म्हणणार नाहीत. पण त्यांनी भरलेली कळी जरा जवळून बघा. कळीचा बाक त्यांच्या नावातल्या ‘शा’सारखा दिसायला लागला असेल तर त्या चहाला उठल्यावर उसवा.

तशी मोठ्यांचीही देण्याची रीत बघण्यासारखी आहे. हैदराबादच्या निजामानं महाराजा रणजितसिंगांना रत्नं जडवलेला चांदवा पाठवला, आणि हा आपल्या डोक्यावर शोभायचा नाही म्हणून महाराजांनी तो अमृतसरच्या हरिमंदिर साहिबाला वाहिला, असं सांगतात. याच महाराजांनी नांदेडला सचखंडची वास्तू उभारवली, १८३२ ते १८३७ या काळात, तीही निजामाच्याच मुलखात. आपल्या आजोबांनी ज्या राज्यात सारा भरला, त्याच राज्यातला तो चांदवा. अध्यक्षांना ही गोष्ट कळीच्या आधी सांगा, नंतर सांगितली तर टोमणा वाटतो.

आणि रुमाला कोणाच्या शब्दांवर पडणार आहे, तेही मंडळाला ठाऊक असू द्या. ग्रंथाच्या १४३० अंगांमध्ये आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत. नामदेव शिंपी होते. एका पदात तर त्यांनी गज, कातर, सुई, धागा असं सगळं दुकानच मांडलंय. पंढरीचा हा शिंपी पंजाबात घुमानपर्यंत गेला आणि तिथलाच झाला. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं ते त्यामुळंच. हे ऐकल्यावर एकजण हमखास छाती पुढं काढेल, ‘नामदेव आपल्याच नर्सीचे!’ तिला प्रेमानं सांगा की त्यांचं जन्मगाव मानतात ती नर्सी हिंगोली जिल्ह्यातली. आपली नर्सी हैदराबाद रस्त्यावरची. पण शिंप्याच्या शब्दांवर घालायच्या वस्त्राची शिवण उसवलेली चालणार नाही, हे दोन्ही नर्सींना सारखंच लागू आहे.

झाल्यावर धुऊ नका, पाणी लागलं की जर काळी पडते. पालथं घालून, वर मलमलचं फडकं टाकून कोमट इस्त्री फिरवा. कडेला गोटा किंवा झालर लावा, आतून अस्तर द्या, नव्या पांढऱ्या कपड्यात बांधा. एसटीत तो पायाशी, सीटखाली किंवा कोथिंबिरीच्या पिशवीशेजारी ठेवू नका, मांडीवर घ्या. उतरल्यावर डोईवरून पदर घ्या, चपला जोडेघरात द्या, हातपाय धुवा.

गुरुद्वाऱ्याबाहेरच्या दुकानांत तयार रुमाल्यांच्या रांगा लागलेल्या असतात, मशीनवर भरलेल्या, एकसारख्या, आणि तुमच्या नुसत्या धाग्याच्या खर्चापेक्षा स्वस्त. तिकडं बघू नका, किंमत तर मुळीच विचारू नका. आत अरदास, म्हणजे प्रार्थना, होते, रुमाला घेतला जातो आणि भाविकांच्या इतर रुमाल्यांत जाऊन बसतो. तो कधी घातला जाईल, कुठल्या दिवशी, हे कोणी कळवत नाही. कुठल्याही मोठ्या गुरुद्वाऱ्यात रुमाले इतके येतात की जाणती शीख मंडळी स्वतःच म्हणतात, एखादा कमी द्या, लंगरला डाळ-पीठ द्या. आपल्याकडं तूर आहे. पुढच्या खेपेला अर्धं पोतं सोबत न्यायला हरकत नाही, ते भरायला रिंग लागत नाही.

सहा महिन्यांच्या आत गावातलं कोणीतरी दारात येईल, ‘ताई, माळेगावच्या जत्रेला चाललोय, खंडोबाच्या घोड्याला झूल भरून द्या.’ नाही म्हणू नका. फक्त घोड्याचं माप लेखी घ्या. आणि राणी कलरचा पाऊण मीटर अजून कपाटात उरलाय, हे अध्यक्षांना कळू देऊ नका.