घोडा निघाला चिठ्ठीतून

न्यू जर्सी

ती. आईंना सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "गार्गीला घोडा केवढ्याला पडला?" आई, घोडा घेतलेला नाही. तुमची नात कॉलेजच्या ड्रेसाज संघात आहे आणि तिथे घोडा चिठ्ठीतून निघतो. यजमान कॉलेज आपल्या तबेल्यातले घोडे देतं. ज्याचं नाव येईल त्याच्यावर बसायचं, दहा मिनिटं फिरवून ओळख करून घ्यायची आणि थेट परीक्षकांसमोर जायचं. म्हणजे कांदेपोह्यांच्या बशीवरून उठून सरळ बोहल्यावर. घरचा लाखमोलाचा घोडा असला तरी तिथे त्याचा काडीचा उपयोग नाही.

ड्रेसाजमध्ये शर्यत नाही, अडथळ्यांवरच्या उड्या नाहीत. २० बाय ४० मीटरच्या रिंगणात ठरलेल्या जागी वळायचं, गोल घ्यायचा, चालीवरून दुडकीवर यायचं, पुन्हा चालीवर. आणि हे सगळं घोडा स्वखुशीने करतोय असं दिसलं पाहिजे. गार्गी अगदी पहिल्या पायरीवर, त्यामुळे तिला दौड नव्हती.

रिंगणाच्या कडेने इंग्रजी अक्षरांच्या पाट्या असतात, पण बाराखडीसारख्या ओळीने नाहीत. ए, के, ई, एच, सी, एम, बी, एफ अशी उडती क्रमवारी. ती पाठ व्हावी म्हणून तुमच्या चिरंजीवांनी वाक्य रचलं: "आई-काकू एकदा हसल्या, चिवडा मग बशीतून फेकला." आठवडाभर घरात दुसरा विषय नव्हता.

स्पर्धेच्या दिवशी चिठ्ठीत निघाला जास्पर. तांबडा, पोटाने गोल, वयाने ज्येष्ठ. गार्गीने टाच लावली, त्याने सुस्कारा सोडला. पुन्हा लावली, त्याने कान मागे केले. दहा मिनिटं संपताना कुठे तो दुडकू लागला. त्यात नियम असा, की स्पर्धा सुरू असताना स्वाराने तोंडातून चकार शब्द काढायचा नाही, जिभेने 'टक्' केलं तरी गुण जातात. झोपेतही बोलणाऱ्या आपल्या गार्गीला!

घंटा झाली. ए-पासून आत येऊन ती मधोमध एक्सवर थांबली, लगाम एका हातात घेऊन तिने मान लववली. समोर सी-पाशी परीक्षक बसलेले, शेजारी त्यांचे शेरे लिहून घेणारी बाई. इथवर ठीक.

पुढची गंमत वाचणारीमुळे झाली. या पायरीवर एखादी मैत्रीण कुंपणाशी उभी राहून पुढची हालचाल मोठ्याने वाचून दाखवू शकते. जागा येण्याच्या थोडं आधी वाचावं लागतं. जास्पर मात्र मास्तरांच्या हुकमावर वाढलेला. तिने "ट्रॉट" म्हटलं की गार्गी काही सांगायच्या आत हा दुडकीवर, "वॉक" म्हटलं की हा चालीवर, पाटी अजून चार पावलं लांब! दोनदा असं झाल्यावर गार्गीने ओळखलं. मैत्रिणीचं तोंड उघडताच ती पाठ ताठ करी, लगामावर बोटं मिटून घेई आणि अक्षर गुडघ्याशी आलं की मगच सोडी. उत्तरार्धातले गुण तिथेच वाढले.

तेवढ्यात कुंपणापलीकडून आवाज आला: "काकू! आता काकू!" बाहेरून मदत केली तर स्पर्धक बाद होऊ शकतो. तुमच्या चिरंजीवांच्या तोंडावर हात ठेवावा लागला.

निकालाच्या कागदावर प्रत्येक हालचालीला दहापैकी गुण असतात. थांबण्याला पाच, गोलाला साडेपाच, शेरा "अंडाकृती". लांब लगामाच्या चालीला साडेसात, कारण मान लांबवून रमतगमत जाणं ही जास्परची खासियत. एकूण ५९ टक्के, पाचवा नंबर, गुलाबी फीत. "फर्स्ट क्लास हुकला," असं तुमचे चिरंजीव म्हणालेच. या खेळात सहा गुण म्हणजे 'समाधानकारक'. व्हॅलेग्रो नावाच्या घोड्याने २०१४ साली लंडनला संगीतावरच्या प्रकारात ९४.३ टक्के मिळवले, तो जागतिक विक्रम. २०२३ मध्ये हांगझोऊला एशियाडमध्ये ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण जिंकणारे आपले चौघं, त्यात मुंबईचा हृदय छेडाही होता, चिठ्ठीतल्या नव्हे, रोजच्या सरावातल्या घोड्यांवर बसले होते.

अनोळखी जनावराची तुम्हाला काळजी वाटेल, ती खोटी नाही. मॉडर्न पेंटॅथलॉनमध्येही घोडा चिठ्ठीनेच मिळे, ओळखीला वीस मिनिटं. टोकियो ऑलिंपिकमध्ये आघाडीवरच्या जर्मन मुलीचा घोडा अडून बसला, ती रडू लागली आणि घोड्याला ठोसा मारल्याबद्दल तिच्या प्रशिक्षकबाईंना बाहेर काढलं. पॅरिसनंतर त्या खेळातून घोडेस्वारीच वगळली. गार्गीकडे हेल्मेट आहे, आणि जास्परला घाई कशाचीच नाही.

खरी काळजी वेगळी आहे. जास्परची चाल पाहून तुमच्या चिरंजीवांना वाटतंय, हे आपल्यालाही जमेल. प्रौढांच्या वर्गाची चौकशी झाली, बूट बघून झाले, गुडघ्याचं दुखणं मात्र कुणाला सांगितलेलं नाही. रविवारी फोन येईल तेव्हा चार शब्द सुनवा. तुमचंच ऐकतात.

बाबांना नमस्कार.

आपली सून