आधी आकडा सांगा
स्कूल व्हॅनच्या मालकांची गॅरेज निवडण्याची कसोटी सोपी आहे: जो मिस्त्री गाडी न बघताच आकडा सांगतो, तो उत्तम. ‘फक्त क्लच प्लेट टाकू, प्रेशर प्लेट अजून चालेल,’ म्हटलं की मालक खूश. रिलीज बेअरिंगचं तर नावच निघत नाही. मग तेच कुरकुरू लागतं, गिअरबॉक्स पुन्हा खाली उतरतो आणि वाचवलेले पैसे दुसऱ्यांदा मजुरीत जातात. ब्रेकचं विचारूच नका. मागच्या ड्रममधल्या लायनरला पॉलिशपेपर मारला की ते ‘नवे’. काढलेले पार्ट मागितले की मिस्त्री घाईघाईने चहा मागवतो. पक्कं बिल? त्यावर १८ टक्के जीएसटी लागेल म्हणताच मालकच हात जोडतो. व्हॅनमधली मुलं काय, दुसऱ्यांचीच असतात.