आडत

जालन्याच्या मोंढ्यात चाळीस वर्षं मोसंबीच्या विक्री-हिशेबाच्या पट्ट्या लिहिलेला हा माणूस. नाव असेल काहीतरी, सगळे मुनीमजीच म्हणतात. आडत, हमाली, तोलाई ही तीन नावं ते देवाचं नाव घ्यावं तशी घेतात. २०१६ साली सरकारनं फळं-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याच्या अंगावरून काढून खरेदीदारावर टाकली, तेव्हा मोंढ्यात केवढा गलका! मुनीमजी एवढंच म्हणाले, "खरेदीदार भावात पाडून घेईल. आडत मरत नसते मास्तर, कपडे बदलते."

असा माणूस पुतण्याच्या दोस्तांबरोबर गोव्याला गेला आणि मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर चढला. जालन्यात पत्ते कुटले तर १८८७ चा जुगारबंदीचा कायदा मानगुटीवर बसतो आणि इथं तिकीट फाडून आत घेतात, हेच त्यांचं पहिलं नवल. पोरं पांगली. मुनीमजी बॅकराच्या टेबलामागं उभे राहिले. एका हातात चहा, दुसऱ्यात पेन्सिलीचं थोटूक, आणि खिशातली एक जुनी पट्टी, कोऱ्या बाजूनं.

खेळ सोपा. प्लेयर आणि बँकर अशा दोन बाजू, बेरीज नऊच्या जवळ जाईल ती जिंकली. दस्सा आणि चित्रं शून्य, बेरजेतला दहाचा आकडा सोडून द्यायचा. प्लेयरवर शंभर लावून जिंकलं की शंभर. बँकरवर जिंकलं की पंच्याण्णव.

मुनीमजींचा चहा थांबला. पत्ते वाटणाऱ्या मुलीला म्हणाले, "पोरी, पाच कुठं गेले?"

"कमिशन, सर."

"आडत म्हण की!"

मग तीन तास ते हलले नाहीत. एक रुपया लावला नाही. पोरांना रात्री जेवताना सांगितलं ते असं : प्लेयरला आधी खेळावं लागतं. पाच किंवा कमी असले की तिसरं पान घ्यायचंच. बँकर ते पान बघून मग आपलं ठरवतो. त्याच्याकडं तीन असले आणि प्लेयरला आठ्ठा आला, तर तो गप बसतो. दुसरं काही आलं की पान घेतो. "लिलावात समोरच्यानं रुमालाखाली किती बोटं धरली ते ज्याला आधी कळतं, तो कधी मार खातो का?"

पुतण्यानं मोबाइलवर आकडे काढले. दहा हजार डावांत बँकर ४५८६, प्लेयर ४४६२, बाकी बरोबरी. त्यात दोन्हीकडचे पैसे परत. मुनीमजींनी भाकरी मोडता मोडता हिशेब केला. दर डावाला एक रुपया लावला तर सारखा भाव दिल्यावर बँकरवाला १२४ नं वर जाणार, बोट बुडणार. म्हणून जिंकलेल्या ४५८६ वर पाच टक्के कापायचे, २२९. त्यातून १२४ गेले, मालकाला उरले १०५. प्लेयरवाल्याकडून आडत नाही, पण तो १२४ तसाच घालवतो.

"म्हणजे आडत कापलेला माल स्वस्त!" हे वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं. आयुष्यभराच्या धंद्यावरचा डाग कुणीतरी पुसून दिल्यासारखा चेहरा झाला होता. बरोबरीवर मात्र ते उखडले. एकास आठ देतात, पण ती येते दहा हजारांत ९५२ वेळा. शंभर लावले की सरासरी चौदा गेले. "ही आडत नाही, ही काट्यात मारलेली दांडी."

परत आल्यावर विषय संपेल असं आम्हांला वाटलं होतं. पोळ्याच्या दिवशी गावात पोरं देवळामागं तरट अंथरून अंदर-बाहर खेळत होती. मुनीमजी वाकून दहा मिनिटं बघत राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "पहिलं पान ज्या बाजूला पडतं ती शंभरात साडेएक्कावन्न वेळा जिंकते. तिकडं सारखा भाव काहून देता? नव्वदच द्या!"

पांढरा सदरा, हातात कागद-पेन्सिल. पोरांना वाटलं साध्या वेशातला पोलीस. पत्ते, पैसे, एकाची चप्पलसुद्धा टाकून सगळे कपाशीत पसार.

दुसऱ्या दिवशी मुनीमजींनी ज्याच्यापुढं जेवढे होते तेवढे पैसे घरोघर नेऊन दिले. प्रत्येकाला पट्टी करून. हमाली कापून.