वाकवून परत आणलेल्या रेलबद्दल

ठेकेदार साहेब,



नाव लिहीत नाही. वाचल्यावर तुमचे तुम्हाला कळेल, आणि तुमच्यासारखेच वागणारे या जालन्यात आणखी आहेत, त्यांनीही वाचावे म्हणून हे उघड लिहितो आहे.

परवा संध्याकाळी तुमचा माणूस, तुम्ही उसनी नेलेली माझ्या प्लंज सॉची 1400 मिलिमीटरची गाइड रेल घेऊन दुकानात आला, दाराजवळच्या भिंतीला तिरकी टेकवली आणि निघून गेला. मागोमाग तुमचा फोन आला. ‘जरा वाकल्यावाणी झाली, दाबली की होती सरळ.’ मी त्या वेळी काही बोललो नाही, कारण समोर गिऱ्हाईक बसले होते. आता बोलतो. ती सरळ होत नाही. यापुढे कधीच होणार नाही.

एका टोकाला डोळा लावून पाहिली. मधोमध बाजूला पोट आले आहे, शिवाय पीळ पडला आहे. कडेला तीन ठिकाणी चेप आहे. खालची खाच एका जागी इतकी दबली आहे की क्लॅम्प आत सरकत नाही. काठाची रबरी पट्टी हातभर फाटून लोंबते आहे. कसे झाले ते तुमच्या ड्रायव्हरने खरे सांगितले, त्याला दोष देऊ नका. छोटा हत्ती टेम्पोच्या हौद्यात रेल कडेवर उभी करून फाळक्याला टेकवली, दोन्ही टोकांखाली सिमेंटच्या गोण्या आल्या आणि वरून सळयांचा बंडल टाकला. 12 मिलिमीटरच्या वीस सळया होत्या. व्यासाचा वर्ग भागिले 162 हे सळईच्या वजनाचे सूत्र तुम्हाला झोपेत विचारले तरी सांगाल. बारा मीटरची एक सळई साडेदहा किलोंच्या वर भरते, म्हणजे वीस सळया दोनशे किलोंच्या वर. त्याखाली दोन-अडीच किलोंची ॲल्युमिनियमची पोकळ पट्टी. हिशेब तुम्हाला येतो. तो तुम्ही केला नाही, एवढाच तुमचा गुन्हा आहे आणि तो लहान नाही.

हे आपल्याच गावात का होते, यावर मी दोन दिवस विचार केला. आपले गाव लोखंडाचे. रोलिंग मिलांच्या धुराड्यांखाली आपण वाढलो. चाळीस फुटी सळई मधोमध दुमडून टेम्पोत घालायची, साइटवर नेऊन उलगडायची, रिंगा वळायच्या, चुकली तर उलटी वाकवायची, हे लहानपणापासून डोळ्यांसमोर आहे. सळईचे ते कामच आहे. भूकंपात, भाराखाली तुटण्याआधी वाकावी म्हणूनच ती तशी बनवतात. त्यामुळे लांब दिसेल ती वस्तू वाकवली तरी चालते, असे हाताला वळण पडले आहे. रेल या वळणात बसत नाही. सळई तिच्या ताकदीसाठी विकत घेतात, रेल तिच्या सरळपणासाठी. तो गेला की उरते ती ॲल्युमिनियमची भंगार पट्टी. एकदा वाकलेला असा पोकळ घाट उलटा दाबला, तर जिथे दाबाल तिथे नवा बाक येतो आणि जुना जागेवरच राहतो.

माझे आजोबा जुन्या जालन्यात सुतारकी करायचे. वाकस आणि करवत ते शेजाऱ्याला द्यायचे, रंधासुद्धा एखाद्याला द्यायचे. गुण्याला मात्र कुणाला हात लावू देत नसत. कापडात गुंडाळून खुंटीला टांगलेला असायचा. करवतीची धार गेली तर कानस मारून परत येते, गुण्याचा काटकोन गेला तर त्यानंतरचे प्रत्येक काम वाकडे होते आणि वाकडे झाल्याचे कळतही नाही, म्हणून. रेल म्हणजे आजचा गुण्याच आहे. प्लंज सॉ तिच्या कण्यावर बसून धावतो, रेल सांगेल तिकडेच जातो. मशीन कितीही महागाची घ्या.

तुम्हाला हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर दुकानात या. 8 बाय 4चा प्लाय आडवा टाकू, रेलच्या काठाला लावून टोकदार पेन्सिलीने रेघ मारू. मग रेल फिरवून, डावे टोक उजवीकडे नेऊन, तोच काठ त्याच रेघेला दुसऱ्या बाजूने लावू आणि पुन्हा रेघ मारू. रेल सरळ असेल तर दोन्ही रेघा एकच दिसतात. तुमच्या हातून आलेल्या रेलच्या दोन रेघांमध्ये मधोमध 3 मिलिमीटरची फट पडते. बाक दीड मिलिमीटरचा आहे, तपासणीत तो दुप्पट दिसतो. कपाटातही दुप्पटच दिसेल. या रेलवर कापलेली दोन शटरे शेजारी लावली की दोन्हींचा बाक समोरासमोर येतो, आणि गिऱ्हाइकाला वर-खाली मिटलेले आणि मध्ये उघडे राहिलेले कपाट मिळते. ते गिऱ्हाईक तुम्हाला फोन करणार नाही. मला करेल.

पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सुताराला अवजारांसाठी 15 हजार रुपये मिळतात. त्यात अशी मशीन आणि रेल बसत नाही. मी कर्ज काढून घेतली, अजून हप्ते चालू आहेत. तुम्ही मागितली तेव्हा पिशवीसकट दिली होती. पिशवी कुठे आहे? ड्रायव्हर म्हणतो, साइटवर तिच्यावर बसून पोरांनी जेवण केले. पोरांवर माझा राग नाही. ती पिशवी कशासाठी आहे हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते, आणि सांगायचे काम तुमचे होते.

आता ऐकतो की तुम्ही स्वतःचा सेट घेणार आहात, ‘सगळ्या ॲक्सेसरीसकट’. घ्या. पण आधी मशीन आणि रेल एकमेकांना बसतात का ते दुकानात लावून पाहा. माकिटा आणि फेस्टूल यांच्या रेल बहुतेक करून एकमेकांच्या मशीनला चालतात. बॉशचा घाट निराळा, तो मॅफेलशी जुळतो. डीवॉल्टचा आणखी निराळा. एका घाटाच्या क्लॅम्पवर आणि जोडपट्ट्यांवर पैसे घातले की तुम्ही त्या घाटाशी बांधले गेलात, म्हणून हा निर्णय सगळ्यांत पहिला.

पहिल्या दिवशी खालच्या खाचेत बसणारे दोन क्लॅम्प घ्या. रेलच्या पोटाला घसरू नये अशी पट्टी असते, पण मायका लावलेल्या गुळगुळीत शीटवर, त्यातही धूळ असली तर, मी तिच्यावर भरवसा ठेवत नाही. काठाची रबरी पट्टी जास्तीची एक घ्या. ती पहिल्या कापातच तुमच्या ब्लेडच्या मापाची होते आणि मग ब्लेड नेमके कुठून जाईल ते दाखवते, मायक्याच्या चिपल्याही उडू देत नाही. म्हणूनच दुसऱ्या मशीनवर कापलेली पट्टी तुमच्या मशीनला लागत नाही. तुमच्या माणसांनी माझ्या रेलवर साइटवरची दुसरी मशीन चालवली आहे, हे फाटक्या पट्टीच्या उरलेल्या काठावरून मला दिसले. तेही लिहून ठेवतो. मायक्यासाठी 48 दातांचे ब्लेड घ्या. काटकोनाची पट्टी, समांतर मापाचे दांडे हे काम वाढल्यावर पाहा.

लांबीबद्दल माझे मत पक्के आहे. आठ फुटी शीट उभी कापायला 2440 मिलिमीटर लागतात, शिवाय दोन्ही टोकांना मशीन टेकायला जागा हवी. एकसंध तीन मीटरची रेल मोह पाडते, पण छोट्या हत्तीचा हौदा सात फुटांच्या आसपास असतो. बाकीची रेल मागे लोंबणार आणि मंठा चौफुलीच्या गर्दीत कुणाच्या तरी डोक्याला लागणार. 1400च्या दोन घ्या आणि जोडा. जोडताना लांब सरळपट्टी काठाला लावून पाहा आणि मगच स्क्रू कसा. हात जड करून कसले तर जोडावरच कोपरा येतो. कारखान्यात, एका जागी काम करणाऱ्याने लांब रेल जरूर घ्यावी. साइटवर फिरणाऱ्याने घेऊ नये.

आणि नेण्या-ठेवण्याचे. जाड पिशवी विकत घ्या, नाहीतर 18 मिलिमीटरच्या प्लायची दीड मीटरची फळी कापा, रेल तिच्यावर सपाट ठेवा, पालथी नको, आणि रेलचेच दोन क्लॅम्प लावून आवळा. तुमच्या साइटवर प्लायचे एवढे तुकडे रोज शेकोटीत जातात. गाडीत ती सगळ्यांत शेवटी, सगळ्यांच्या वर. टपावर दोरीने मधोमध करकचून बांधायची नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा 42च्या पुढे जातो, तेव्हा पत्र्यावर किंवा बंद गाडीत दुपारभर ठेवली तर पट्ट्यांचा गोंद ढिला होतो आणि पट्टी सरकते. दुकानात मी तिच्या टोकाला भोक पाडून खिळ्याला उभी टांगतो. भोक पाडायचे नसेल तर भिंतीलगत सपाट फळीवर आडवी ठेवा, वर काही न रचता. भिंतीला तिरकी टेकवलेली रेल कधीतरी घसरते आणि कडेवर आपटते. तुमच्या माणसाने ती नेमकी तशीच ठेवली होती.

साहेब, तुमच्याकडे सात-आठ साइट आहेत, चांगले काम करता, माणसांची मजुरी शनिवारी न चुकता देता. म्हणूनच मला हे जास्त लागले. हिशेबाच्या वहीत तुम्ही एक रुपया इकडचा तिकडे होऊ देत नाही आणि दुसऱ्याच्या अवजाराचा हिशेब मात्र ‘दाबली की होती सरळ’ इथे संपवता.

वाकलेल्या रेलचा एका टोकाचा 600 मिलिमीटरचा तुकडा अजून सरळ आहे. तुम्ही पाहून गेलात की तो कापून ड्रॉवरच्या कामाला ठेवीन. नवी रेल, रबरी पट्टी आणि पिशवी मागवली आहे, बिल या पत्रासोबत आहे. खंडेनवमीला मी अवजारे मांडतो, तेव्हा त्यांत नवी रेल असेल. पैसे त्याआधी स्वतः आणून द्या, ड्रायव्हरच्या हाती पाठवू नका.

आपला,
जुन्या जालन्यातला एक सुतार