चार टीबीचा संसार

मध्य प्रदेशातलं आमचं पांढुर्णा जागचं तसूभर न हलता पत्ता बदलत आलं आहे. 31 ऑक्टोबर 1956 ला इथली राजधानी नागपूर होती, दुसऱ्या दिवशी भोपाळ झाली. 2023 साली छिंदवाडा जिल्हाही सुटला आणि सौंसरला सोबत घेऊन आमचाच जिल्हा झाला. घरातल्या बॅकअपचं नेमकं उलटं. तो सारखा बिऱ्हाड हलवतो आणि आत एक अक्षर बदलत नाही.

1956 च्याच सप्टेंबरात आयबीएमने जगातली पहिली हार्ड डिस्क आणली. पन्नास तबकड्या, टनभर वजन, आणि मावायची पन्नास लाख अक्षरं. काकूंचा सकाळचा एक फुलांचा व्हिडिओसुद्धा तिला झेपला नसता.

यंदा आम्ही चार टीबीची घेतली. जोडल्यावर विंडोज म्हणालं, 3.63. विकणारा हजाराने मोजतो, विंडोज 1024 ने. बाबांची हयात संत्र्याच्या सौद्यांत गेलेली, त्यांना नवल वाटलं नाही. "तूट तं येतेच," म्हणाले.

जुन्या ड्राइव्हमध्ये 'बॅकअप', त्यात 'बॅकअप नवीन', त्यात 'बॅकअप फायनल' आणि त्याच्या पोटात 'हे उडवू नको'. उघडलं तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या गोटमारीचे व्हिडिओ. जाम नदीत पळसाचं झाड, त्यावर झेंडा, अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव आणि मधे दगडांचा मारा. सालं वेगळी, दगड बहुधा तेच. शिवाय अख्ख्या खानदानाचे सरकारी 'समग्र' आयडी आणि जमिनीच्या खसऱ्याच्या नकला, सगळ्यांवर 'जिल्हा छिंदवाडा'. आता हेच सगळं 'जिल्हा पांढुर्णा' म्हणून पुन्हा स्कॅन होणार. जुनं मात्र कुणी उडवू देत नाही. "राहू दे, कामी पडते."

कॉपी सुरू झाली. लग्नाची लांबलचक फिल्म सपाट्याने जाते. हजारो बारके फोटो लागले की गाडी रांगते, कारण प्रत्येक फाइलची नोंद नव्याने करावी लागते. पडद्यावरची पट्टी तीन तास म्हणते, मग अकरा मिनिटं, मग दोन दिवस.

"काऊन रे, झालं का?" आई.

"होऊन राह्यलं."

तेवढ्यात लाईट गेली. लॅपटॉपला बॅटरी असते, वेगळ्या प्लगवर चालणाऱ्या मोठ्या ड्राइव्हला नसते. लाईट आल्यावर कॉपी पुन्हा लावली, तर विंडोजने विचारलं: याच नावाची फाइल तिथे आहे, बदलायची की सोडायची? घरात लगेच दोन तट पडले आणि मधला झेंडा मी.

जाणकार सांगतात, तीन प्रती ठेवाव्यात, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. म्हणून नव्या ड्राइव्हमधल्या चार-दोन फाइली उघडून खात्री केली आणि जुनी ड्राइव्ह सौंसरला ताईकडे पाठवली. तिचा पहिला प्रश्न, "यात जागा किती रिकामी आहे?" तिच्या नणंदेचं लग्न ठरलंय.

तेव्हा बाहेरगावची प्रत ज्यांच्याकडे ठेवाल, त्यांच्या घरी एवढ्यात कार्य निघालेलं नाही ना, हे आधी विचारून घ्या.