नारळ फुटला, मेल तुटला

कार्यालय कुठं असावं, यावरून भांडायला मोहोळकरांना कुणी शिकवायला नको. २०२४ मध्ये मोहोळ तालुक्यातल्या अनगरला अप्पर तहसील कार्यालय मंजूर झालं तेव्हा तालुका पेटला होता. कोणती गावं तिकडं जाणार, दाखल्यासाठी किती हेलपाटे पडणार, याचा हिशेब टपरीवरच्या पोरालाही तोंडपाठ होता. याच तालुक्यातल्या एका पतसंस्थेची वेबसाइट परवा हलली, तेव्हा मात्र संचालक मंडळात एकच प्रश्न आला: नवीन होस्टिंग कितीनं स्वस्त? ठराव एकमतानं मंजूर. विषय कुणालाच कळला नसला की आपल्याकडं एकमत लवकर होतं.

काम चेअरमनसाहेबांच्या भाच्याकडं गेलं. भाचा हिंजवडीत असतो. हिंजवडीतला भाचा हे सहकारातलं पोटनियमात न लिहिलेलं पद आहे. त्यानं शनिवारी रात्री नेमसर्व्हर बदलले आणि सोमवारी नवी साइट झळकली. फरक एवढाच, की चेअरमनसाहेबांचा फोटो दुप्पट मोठा झाला होता. ग्रामदैवत नागनाथाला नारळ फुटला, पेढे वाटले गेले.

बुधवारी ऑडिटरचा फोन आला. “अहो, तुमच्याकडं टाकलेला मेल सारखा परत येतोय.”

“व्हय का सायेब?” क्लार्क म्हणाला. “मला वाटलं, यंदा तुमच्या शंकाच संपल्या.”

झालं होतं असं. डोमेनची एक वही असते. तीत साइटचा सर्व्हर दाखवणारी ए नोंद वेगळी आणि टपाल कुठं टाकायचं ते सांगणारी एमएक्स नोंद वेगळी. ही सोय १९८६ ची आहे, म्हणजे भाच्याच्या जन्माआधीची. नुसती साइट हलवायची तर ए नोंद बदलायची आणि एमएक्सकडं बघायचंसुद्धा नाही. भाच्यानं नेमसर्व्हर बदलून अख्खी वहीच बदलली. नव्या वहीत एमएक्स होता, पण नव्या होस्टिंगवाल्याचा. तिथं संस्थेची एकही मेलपेटी उघडलेली नव्हती.

आता यातली खरी गंमत ऐका. नवा सर्व्हर बंद पडला असता तर बरं झालं असतं. समोरून उत्तरच आलं नाही तर पाठवणारे सर्व्हर सहसा चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतात. पण हा चालू होता आणि अंगात नव्या शिपायाचा उत्साह. प्रत्येकाला त्यानं ठणकावलं, “असा माणूस इथं राहत नाही.” असं ठाम उत्तर मिळालं की पुन्हा कुणी येत नाही. विषय संपला.

भाच्यानं जुना एमएक्स परत लिहिला, पण नोंदीची मुदत होती ८६,४०० सेकंद, म्हणजे पुरा एक दिवस. तेवढा वेळ बाहेरचं जग आधी पाठ केलेलं चुकीचंच उत्तर धरून बसलं. ही मुदत आधीच ३०० वर आणली असती तर पाच मिनिटांत भागलं असतं. तेही निस्तरलं, तरी साइटवरच्या तक्रार फॉर्ममधून एक ओळ बाहेर येईना. नव्या सर्व्हरच्या मते मेल अजून त्याच्याच घरचा होता, त्यामुळं तो एमएक्स न बघता तक्रारी परस्पर जिरवत होता. चेअरमनसाहेब वार्षिक सभेत सांगणार होते, की नव्या साइटपासून एकही तक्रार नाही. खोटं नव्हतं ते.

मेल न तोडताही हलवता येतो. केंद्र सरकारनं सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचा मेल एनआयसीकडून झोहोच्या यंत्रणेवर नेला आणि पत्ते जुनेच ठेवले. दिल्लीला बहुधा भाचा नसावा.

तर तालुक्यातल्या तमाम चेअरमनसाहेबांना हात जोडून विनंती. डोमेन कुणाच्या नावावर आहे आणि पासवर्ड कुणाकडं, ते ठराव करण्याआधी विचारा. नेमसर्व्हरला हात लावण्याआधी जुन्या वहीतली एकूण एक नोंद उतरवून घ्या. मेल तुमचाच आहे हे पटवणाऱ्या एसपीएफ आणि डीकेआयएमच्या लांबलचक ओळीसुद्धा, नाहीतर तुमच्या नोटिसा सभासदांच्या स्पॅममध्ये जाऊन पडतील. मेलही हलवायचा असेल तर पेट्या आधी उघडा, जुना पत्रव्यवहार आयमॅपनं उतरवा आणि मगच एमएक्स फिरवा. आणि जुनं होस्टिंग महिनाभर तरी बंद करू नका. पेढ्यांपेक्षा ते स्वस्त पडतं.