सरावात भांडण लावण्याची शास्त्रोक्त पद्धत

व्हॉलीबॉलचा सराव शांततेत चालला असेल, तर प्रशिक्षकाने काळजी करावी. खेळाडू जोड्याजोड्यांनी समोरासमोर उभे आहेत, अंडरहँडने चेंडू टपटप जातो-येतो आहे, कुणी कुणाला अवाक्षर बोलत नाही. हे दृश्य पाहून संस्थेचे अध्यक्ष खूश होतात आणि संघ पहिल्याच फेरीत गाशा गुंडाळून परत येतो. सामन्यात चेंडू समोरच्या मित्राकडून येत नाही, आणि त्याच्याकडे परत पाठवायचाही नसतो. तो जाळीपलीकडे नऊ मीटरवरून, वाईट हेतूने मारलेला असतो आणि द्यायचा असतो भलतीकडेच उभ्या असलेल्या सेटरला. जोडीत कमावलेली सफाई तिथे निम्मीही उरत नाही.

तेव्हा भांडण लावावे.

त्यासाठी प्रत्येक ड्रिलला गुण ठेवावेत आणि ते मोठ्याने मोजावेत. गुण आले की हरणारा आला, आणि हरणारा आला की रेषेवर पडलेल्या चेंडूबद्दल दोन मते आलीच. प्रशिक्षकाने या वादात पडू नये. मात्र भांडणाला आठ सेकंदांची मुदत द्यावी. शिट्टी झाल्यावर तेवढ्याच वेळात सर्व्हिस मारावी लागते, त्यामुळे नियमाचाही सराव होतो.

अमेरिकेत रुळलेले ‘वॉश ड्रिल’ या कामी फार गुणकारी. सहा-सहा जणांचे दोन संघ करावेत. एकाने सर्व्हिस करावी, रॅली संपावी आणि जिंकलेले टाळ्या देत असतानाच प्रशिक्षकाने बाहेरून दुसरा चेंडू आत टाकावा. दोन्ही रॅली एकाच संघाने जिंकल्या, तर त्याला एक मोठा गुण. एक याची आणि एक त्याची झाली, तर हिशेब धुऊन निघाला; कुणालाच काही नाही. अशी तीनदा-चारदा पाटी कोरी झाली की अतिशय सुशील मुलगासुद्धा सेटरला नावे ठेवू लागतो. इथे प्रशिक्षकाने मनातल्या मनात पेढे वाटावेत. सामन्यातही आळीपाळीने एकेक गुण घेत बसले, तर 25 जवळ आले तरी दोन्ही संघ बरोबरीतच असतात. अंतर पडते ते लागोपाठच्या रॅली जिंकल्याने. शिवाय स्मॅश बसल्यावर हात वर करून उभे राहायची हौस फिटते, कारण दुसरा चेंडू तोवर डोक्यावर आलेला असतो.

वाद आणखी पेटवायचा असेल, तर सुरुवातच 21–23 ने करावी. पिछाडी नेहमीच्या सहा जणांकडे आणि आघाडी राखीव खेळाडूंकडे. राखीव खेळाडू महिनाभर बाकावर बसून जे साठवतात, ते इथे उपयोगी पडते. मुख्य संघाला त्याच्या सर्वांत लंगड्या रोटेशनमध्ये उभे करावे. सेटर पुढच्या ओळीत असला की जाळीपाशी मारायला दोघेच उरतात आणि ब्लॉक करणाऱ्यांचे फावते. सुरुवात तिथूनच व्हावी. सर्व्हिस जाळीत गेली तर समोरच्याला गुण. पूर्वी सर्व्हिस करणाऱ्यालाच गुण मिळत, तेव्हा चुकलेल्या सर्व्हिसने फक्त पाळी जाई. 1990च्या दशकाअखेरीस प्रत्येक रॅलीला गुण आला, पण कित्येक मैदानांवर ही बातमी अजून पोचलेली दिसत नाही.

दमदाटीने काम होत नाही का? होते. जपानच्या हिरोबुमी दाईमात्सूंना लोक ‘राक्षस’ म्हणत. गिरणीत नोकरी करणाऱ्या मुलींकडून ते रात्री उशिरापर्यंत सराव करून घेत, आणि 1964च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये त्यांच्या संघाने सोव्हिएत संघाला सरळ तीन सेटमध्ये हरवून सुवर्णपदक नेले. पण त्यांच्या मुली चेंडू उचलून, कोलांटी घेऊन, क्षणात पुन्हा उभ्या राहत. नुसते ओरडणाऱ्यांनी ती कोलांटीही शिकवावी.

राहता राहिली मुख्याध्यापकांची तक्रार: ‘सराव फार विस्कळीत दिसतो.’ त्यांच्यापुढे 1986 साली प्रसिद्ध झालेला बॅडमिंटनचा प्रयोग ठेवावा. त्यात मुलींना तीन प्रकारच्या सर्व्हिस शिकवल्या होत्या. काहींनी एकेक प्रकार सलग घोटला, काहींनी तिन्ही उलटसुलट मारल्या. नंतरच्या चाचणीत उलटसुलटवाल्या सरस ठरल्या. शोधनिबंध इंग्रजीत आहे, त्यामुळे मुख्याध्यापक तो न वाचताच मान्य करण्याची शक्यता बरीच आहे.